नकाशा हिरवा, हिशेब कच्चा

पुण्यातल्या ग्रुपांवर एक नकाशा फिरतोय. दौंड-इंदापूरचा हिरवागार पट्टा आणि खाली मजकूर: ‘प्रत्येक शेत रोज किती लिटर पाणी उडवतं ते उपग्रह मोजतो. जितकं हिरवं तितकी उधळपट्टी. ठिबक सक्तीचं करा, हेच पाणी पुण्याच्या नळाला येईल.’

‘मोजतो’ हीच पहिली थाप. शेतातून किती वाफ उडाली ते उपग्रहाला थेट दिसत नाही. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांना दिसतं ते जमिनीवरून परतलेलं ऊन आणि जमिनीचं तापमान. पुढचा सगळा हिशेब: जमिनीला मिळालेल्या निव्वळ ऊर्जेतून मातीत गेलेली उष्णता वजा करा, हवा तापवायला लागलेली वजा करा, उरेल ती बाष्पीभवनाच्या खाती. म्हणजे आधीच्या प्रत्येक रकान्यातली चूक याच खात्यात येऊन पडते. त्यात सेबलसारख्या, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून असा हिशेब मांडणाऱ्या पद्धतीत चित्रातला एक ‘गार’ ठिपका (पिक्सेल), म्हणजे पाणी भरपूर असलेलं दाट पीक, आणि एक ‘गरम’ ठिपका, म्हणजे कोरडं नांगरलेलं रान, माणसाने निवडायचा असतो. ठिपका बदलला की आकडा हलला. काम नीट केलं तरी 10 ते 20 टक्क्यांचा फरक सहज राहतो. समजा, उन्हाळ्यात उसाने दिवसाला 6 मिलिमीटर पाणी उडवलं, तर एकरी ते 24 हजार लिटर झालं. त्यात 15 टक्के इकडेतिकडे म्हणजे साडेतीन हजार लिटर! असा मीटर आपल्या सोसायटीत कुणी बसवू देईल का?

खरं मोजायचं तर लायसिमीटर लागतो: पिकासकट मातीची टाकी वजनकाट्यावर ठेवायची आणि वजन किती घटलं ते बघायचं. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग 1932 पासून पुण्यातच आहे; फॉरवर्ड करणाऱ्यांना चौकशीसाठी फार लांब जायची गरज नव्हती.

‘प्रत्येक शेत’? लँडसॅट 8 आणि 9 चा तापमानाचा मूळ ठिपका 100 मीटरचा असतो. 30 मीटरचा करून देतात म्हणून बारीक वाटतो. 100 बाय 100 मीटर म्हणजे एक हेक्टर, जवळपास 100 गुंठे. वाटण्या होऊन 20 गुंठ्यांवर आलेला ऊस, बांधापलीकडचं पडीक रान आणि डांबरी रस्ता, सगळ्यांचं मिळून एकच तापमान. सेंटिनल-2 या युरोपीय उपग्रहाचं चित्र 10 मीटरचं, पण त्यावर तापमान टिपणारं उपकरणच नाही.

‘रोज’ही नाही. दोन्ही लँडसॅट मिळून 8 दिवसांनी एक फेरी. मधले दिवस हवामानाच्या नोंदींवरून भरतात. पावसाळ्यात ढगांमुळे तेवढंही धड मिळत नाही.

हिरवेपणाचं म्हणाल, तर पाण्याचा ताण पडला की ऊस पानांची रंध्रं मिटून घेतो. पान हिरवंच, पण तापलेलं. पाणी उडणं घटलेलं. शिवाय शेताला पाण्याच्या किती पाळ्या दिल्या हे या नकाशात नसतंच. कालव्याच्या हेडला (सुरुवातीला) आणि टेलला (शेवटाला) पिकांची स्थिती कशी आहे, याची तुलना मात्र तो छान दाखवतो. त्यासाठी जरूर वापरा.

राहिलं ठिबक. त्याने मातीवरून उडणारं आणि मुळांखाली मुरणारं पाणी कमी होतं. पानांतून जाणारं नाही. पीक जोमात आलं तर ते वाढतंसुद्धा. मुरलेलं सगळं वाया म्हणावं, तर कालव्याखालच्या विहिरींना पाझर येतो कुठून? आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला, तर पुढच्या वर्षी हाच नकाशा आणखी हिरवा दिसेल.