देवाचे तीन पोशाख आणि बंड्याचा पायजमा

बँकॉकच्या राजवाड्यात उघडे गुडघे चालत नाहीत, हे मी निघण्याआधी ग्रुपवर तीनदा टाकलं होतं. तिन्ही वेळा बंड्याने अंगठा पाठवला आणि त्या सकाळी लॉबीत बर्म्युडा घालून हजर झाला.

राजवाड्याजवळ एकाने "आज पॅलेस बंद, चला दुसरीकडे फिरवतो" म्हणून टुकटुक दाखवली. पण स्वारगेटच्या रिक्षावाल्यांशी हुज्जत घालण्यात आमची हयात गेलेली, बधलो नाही. फसलो ते समोरच्या पायजम्यांना. झुळझुळीत कापड, त्यावर हत्तीच हत्ती, वर 'फ्री साइज'. कोणाचं साइज, ते लिहिलेलं नव्हतं. दुकानवाली बाई कॅल्क्युलेटर पुढे करते, आपण त्यावर आपला आकडा टाकायचा. बंड्याने २०० चे १०० केले आणि विजयी मुद्रेने पायजमा चढवला. नानाने तिकिटाचे ५०० बाट रुपयांत करून पाहिले आणि "मी पिशव्या सांभाळतो" म्हणाला. बर्म्युडा पिशवीत, पिशवी नानाकडे.

आत सगळा लखलखाट. पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये हा पसारा उभारायला घेतला. देवळातला तो प्रसिद्ध पाचूचा बुद्ध जेमतेम ६६ सेंटीमीटरचा, आणि पाचूचा नाहीच. दुसराच हिरवा दगड. पण थाट बघा: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन सोन्याचे पोशाख, आणि ते बदलायला खुद्द राजा येतो.

मूर्तीकडे पाय करायचे नाहीत, म्हणून सगळे पाय मागे दुमडून बसलेले. बंड्याही बसायला गेला.

टर्रर्र.

त्या शांततेत तो आवाज पार छतापर्यंत गेला. देवाचे तीन पोशाख शाबूत, आमच्या मित्राचा एकुलता एक गेला.

बाहेरच्या ओवरीत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. बंड्याने ती सगळी भिंतीकडे पाठ करून, खेकड्यासारखं आडवं चालत पार केली. चित्रं आम्ही त्याला तोंडी सांगत होतो. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा शिऱ्या मात्र मत्स्यकन्येपाशी अडला. आपल्याकडे मकरध्वजाला घामाचा एक थेंब पुरला. इथे हनुमंताचं तिच्याशी रीतसर प्रेमप्रकरण आहे. "हे घरी सांगायचं नाही," शिऱ्या म्हणाला.

बाहेर आलो तर नाना पिशवीसकट गायब. (शहाळं प्यायला गेला होता म्हणे. पाऊण तास!) पुढे 'वाट फो' हे देऊळ बघायचं होतं आणि तिथेही गुडघे झाकावेच लागतात. वळसा घालून पुन्हा त्याच बाईसमोर. तिने बंड्याला आपादमस्तक न्याहाळलं, खालच्या गठ्ठ्यातून भलामोठा पायजमा ओढला आणि कॅल्क्युलेटर पुढे केला. ३००.

बंड्याने घासाघीस केली नाही. त्याचे दोन्ही हात मागे अडकले होते.