कार्यशाळेतले फोटो ‘भाड्याचे’ असतात का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या पोर्ट्रेट कार्यशाळेवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. लाईट मार्गदर्शकाने लावायचा, माणूस त्यानेच बसवायचा आणि पैसे भरून आलेल्यांनी केवळ बटण दाबायचे, हे शिकणे नसून ‘भाड्याचे फोटो’ घेणे आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. हे ज्ञान यूट्यूबवर फुकट मिळते, लग्नसराईच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या मराठवाड्यातल्या स्टुडिओचालकांना मी नसत्या खर्चात पाडतो आहे आणि एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार राजा दीनदयाळ कोणत्या कार्यशाळेत गेले होते, असेही आपण लिहिले आहे. ज्या वृद्ध शेतकऱ्याचे फोटो आम्ही काढले, त्यांना काय मिळाले, असा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे.

आपला पहिला आक्षेप काही कार्यशाळांच्या बाबतीत पूर्णपणे खरा आहे. मार्गदर्शकाने लावलेल्या लाईटसमोर रांगेने उभे राहून सगळे एकच फोटो काढतात आणि तो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून गिऱ्हाइकाला दाखवतात, ही फसवणूक आहे, असे माझेही स्पष्ट मत आहे. परंतु मी ज्या कार्यशाळेविषयी लिहिले, तिथे लाईट लावण्याचे काम आमच्याकडे होते, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो.

त्या शेतकरी बाबांचेच उदाहरण घेऊ. उन्हाने रापलेला सावळा चेहरा, पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि डोक्याला पांढरा पटका. आपल्या भागात असा फोटो प्रत्येक फोटोग्राफरला काढावा लागतो आणि तो पुष्कळदा बिघडतो, कारण कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरी मध्यम करडे आहे असे धरून चालते. चौकटीत पांढरे कापड जास्त आले की मीटर एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश, कमी करते आणि मुळात सावळा असलेला चेहरा आणखी काळवंडतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवावे, तर सदऱ्याचा पोत जाऊन तिथे नुसता पांढरा डाग उरतो. अंबाजोगाईहून आलेल्या आणि लग्नाच्या कामात मुरलेल्या एका स्टुडिओचालकांनी नेहमीच्या सवयीने सॉफ्टबॉक्स (लाईटचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लांब ठेवला होता. मार्गदर्शकांनी लाईटला हात लावला नाही. लाईटपासून चेहरा किती दूर आणि छाती किती दूर, एवढेच त्यांनी मोजायला सांगितले. ही अंतरे 8 आणि 9 फूट असतील, तर छातीवर चेहऱ्याच्या जवळजवळ 80 टक्के प्रकाश पडतो. लाईट वरच्या बाजूने जवळ आणून तीच अंतरे 2 आणि 3 फूट केली, तर छातीवरचा प्रकाश चेहऱ्यावरच्या निम्म्याहून कमी होतो, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) थोडा अधिक फरक पडतो. (अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, हा व्यस्त वर्गाचा नियम मोठ्या सॉफ्टबॉक्सला इतक्या जवळून तंतोतंत लागू होत नाही, पण फरकाची दिशा तीच राहते.) मग त्या स्टुडिओचालकांनी स्वतः लाईट पुढे आणला, छातीकडे जाणारा प्रकाश काळ्या पुठ्ठ्याने अडवला, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या व सदऱ्याची वीण दोन्ही एकाच फोटोत दिसू लागल्या.

हा व्यस्त वर्गाचा नियम त्यांना आधीपासून पाठ होता आणि त्यावरचे व्हिडिओही त्यांनी पाहिले होते. मीही यूट्यूबवरून पुष्कळ शिकतो. फ्लॅशचा सिंक स्पीड, अ‍ॅपर्चर आणि डेप्थ ऑफ फील्ड हे विषय समजून घेण्यासाठी कुणीही पैसे मोजू नयेत. मात्र आपला सॉफ्टबॉक्स सवयीने चुकीच्या जागी उभा आहे, हे व्हिडिओला दिसत नाही. ते आपल्या शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसालाच दिसते.

दुसरी गोष्ट समोर बसलेल्या माणसाची. बाबांना खुर्चीवर बसवल्यावर त्यांचे खांदे आखडले आणि ‘हसा’ म्हटल्यावर तर चेहरा पार मिटला. मार्गदर्शकांनी कॅमेरा ट्रायपॉडवर लावायला, फोकस ठरवून घ्यायला आणि व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढून बोलायला सांगितले. बाबांना सतरंजीवर मांडी घालून बसवल्यावर परभणीच्या एका सहभागी मुलीने विचारले, “औंदा कापूस कसाय, बाबा?” त्यावर ते हातवारे करीत बोलू लागले, आणि तिने रिमोटचे बटण दाबले. तिचा तो फोटो मला त्या दिवसातला सर्वोत्तम वाटतो, आणि त्यात भाड्याचे काय आहे, हे मला खरोखर समजत नाही.

राजा दीनदयाळ यांचे नाव आपण काढलेत, याचा मला आनंद झाला, कारण ते ज्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार होते, त्यांच्याच राज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता. ते रुरकीच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले होते आणि छायाचित्रणाकडे नंतर वळले, हे खरे. परंतु त्यांच्या स्टुडिओंत अनेक सहाय्यक काम करीत, आणि 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढून तिथे फोटो काढायला स्त्रीचीच नेमणूक केली. समोरचा माणूस निर्धास्त असावा, याचा विचार तिथे झालेला होता. फिल्मच्या काळात आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही एखादा मुलगा उस्तादाच्या हाताखाली राहून, लाईट धरता धरता आणि डार्करूममध्ये प्रिंट धुता धुता हे काम शिकत असे. ती उमेदवारी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या जागी जे थोडेफार उरले आहे, त्यात मी चांगल्या कार्यशाळेला धरतो.

खर्चाबद्दलची आपली काळजी रास्त आहे. ज्यांच्या कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत, त्यांनी यासाठी कर्ज मुळीच काढू नये. पैसे भरण्यापूर्वी एका लाईटमागे किती जण असतील, तो हलवायला मिळेल का आणि आपले फोटो नंतर कुणी तपासून देईल का, हे विचारावे. स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर जाऊ नये. महागड्या लेन्सचीही गरज नाही. चेहऱ्याची प्रमाणे लेन्सवर नव्हे, तर अंतरावर ठरतात. त्यामुळे साध्या किट लेन्सने 55 मिमीवर पाच-सहा फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक फुगलेले दिसत नाही.

बाबांना ठरलेले मानधन त्याच दिवशी रोख देण्यात आले, फोटो कुठे वापरले जातील हे सांगून त्यांची संमती आधीच घेतली होती, आणि त्यांनी स्वतः निवडलेल्या फोटोची मोठी छापील प्रत त्यांच्या घरी पोहोचवली आहे. आपल्या सूचनेनुसार लेखातल्या प्रत्येक फोटोखाली ‘कार्यशाळेत काढलेला’ अशी नोंद आणि लाईट कुणी लावला होता, हेही मी आज लिहिले आहे.