साथीच्या स्वागताची पूर्वतयारी

सरपंच झाल्याबद्दल अभिनंदन. पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा साथरोगाच्या तयारीबद्दल चार गोष्टी ऐकून ठेवा.

समिती नव्याने नेमायची गरज नाही, ती आहेच. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव एका दमात घेता आलं की निम्मं काम झालं. तिची बैठक दर महिन्याला व्हायची असते, म्हणून मार्चमध्ये बारा महिन्यांच्या सह्या एका बसणीत उरका. पेनं मात्र दोन-तीन रंगांची ठेवा. ऑडिटवाले हल्ली शाईकडे बघतात. अबंधित निधी, म्हणजे समितीने स्वतः ठरवून खर्चायचा पैसा, आला की सतरंज्या घ्या. साथीत नाही तर हरिनाम सप्ताहात उपयोगी पडतील.

आता पाणी. टीसीएल पावडरचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं पंचायतीच्या त्याच खोलीत ठेवा, जिथला पत्रा गळतो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, दमट हवा लागली, की तो कुणाला न विचारता निघून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये म्हणतात, पण दिसायला ती पांढरीच दिसते आणि रजिस्टरमध्ये किलोच लिहायचे असतात, टक्के नाहीत. शिवाय ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ ही गावाची जुनी तक्रार आपोआप मिटते.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, टाकीखालच्या नळावरच करा. पाणी झकास पिवळं होतं, फोटोही छान येतो. खरं तर ती शेवटच्या घरच्या नळावर करायची, तिथपर्यंत 0.2 पीपीएम क्लोरीन उरला पाहिजे म्हणून. पण शेवटचं घर म्हणजे वस्तीतलं. तिथे जायचं तर चिखल तुडवायचा, आणि वर पाइप गटारातून गेलेला बघायचा. ते बघितलं की ग्रामसभेत उत्तर द्यावं लागतं. पाणी सोडणाऱ्या पोराने पाइप फुटल्याचं सांगितलं, तर आधी त्याचा चार महिने थकलेला पगार काढा. म्हणजे त्याच्यापुढे विषय काढा, पगार नव्हे.

पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालं तर चौकात फ्लेक्स लावा, धोक्याचं लाल मिळालं तर ते कपाटाचं कार्ड.

डेंग्यूला धूरफवारणीसारखं दुसरं काही नाही. आवाज होतो, धूर होतो, मागे पोरं पळतात, विरोधी गटालाही दिसतं. त्याने उडते डास मरतात, रांजणातल्या अळ्या नाही. त्या आठवड्या-दहा दिवसांत मोठ्या होतात आणि तुम्हाला पुन्हा फवारणी करता येते. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी ठेवायची म्हटलं, तर त्याचं उद्घाटन कोणाच्या हस्ते करणार?

बाकी सगळं आशाताईंवर सोपवा. ताप असलेल्यांची यादी, ओआरएसची पाकिटं, पिण्याच्या पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या, आणि कुणी दगावलं तर शिव्या. मोबदल्याचं बोलल्या तर त्या कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ आहेत, हे प्रेमाने सांगा.

इतकं करूनही एका आळीत दहा-बारा घरांना जुलाब-उलट्या लागल्या, तर पहिले तीन दिवस ‘लग्नातलं जेवण बाधलं’ म्हणा. लग्न नसेल तर बारसं शोधा. उपकेंद्राला लगेच कळवलं की पाण्याचे नमुने जातात, आणि नमुन्याचा अहवाल गावकीचं ऐकत नाही. फारच वाढलं तर 2020 मध्ये गावोगावी केलं तसं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाका. जंतू विहिरीत असला म्हणून काय झालं?

साथ ओसरली की सत्कार. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शाल-श्रीफळ, आमदारांना हार, आशाताईंना रांगोळी काढायचा मान. मांडव, साउंड आणि जेवणावळीचा हिशेब मिटवून काही उरलंच, तर टीसीएलचं नवं पोतं मागवा. ठेवायची खोली आहेच.