पंधरा मिनिटांनी परदेश

नेपाळच्या सीमेवरच्या सोनौलीहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी विश्रामबागेत मला कुणी नावानं हाक मारत नाही. ‘काय डायव्हर, चहा घेणार?’ असं विचारतात.

लुंबिनीला स्वतःच्या गाडीनं जायची हौस माझीच. भारतीयाला नेपाळात व्हिसा लागत नाही, १९५० चा करारच आहे, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की त्यावर सही माझीच असावी. पण ही मोकळीक माणसांना. एमएच १० ला नाही. गाडीचा ‘भंसार’ करावा लागतो, म्हणजे दिवसाच्या हिशेबानं पैसे भरून पावती घ्यायची. सीमेवरच्या कमानीपलीकडं बेलहियात त्या खिडकीशी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात पावणेएक. आतल्या साहेबांच्या घड्याळात एक. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. खिडकी बंद.

‘आयला, गेला की जेवायला!’ मी मोठ्यानं म्हणालो.

‘कुठलं गाव?’ मागून आवाज आला.

प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ तंबाखू मळत बसलेले. विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत हे ठाऊक होतं, पण इथं ‘कुठलं गाव’ ऐकून मला भरूनच आलं. ते दोन मिनिटं टिकलं.

‘सांगली.’

‘सांगलीत कुठं?’

‘विश्रामबाग.’

‘म्हंजी मूळचं न्हवं.’

‘मूळचे मिरजेचे.’

‘मग तसं सांगा की. थांबा, चुना संपलाय.’ मामा उठले, कमानीखालून चालत भारतात गेले, आणि चुन्याची डबी घेऊन नेपाळात परत आले. कुणी मान वर करून बघितलं नाही.

‘गाडी कुणाच्या नावावर?’

‘मंडळींच्या.’

‘आन् चालवतंय कोन?’

‘मी.’

मामा गालात हसले. मग एवढी गोष्ट पुतण्याला सांगायला पुन्हा भारतात जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते चहाला. येताना एक कप आणला. तो माझ्यासाठी असेल असं मला उगाचच वाटलं.

‘तुमी चालत का न्हाई जात? गाडी लावा आपल्या हद्दीत, बसनं जावा.’

‘अहो, तीन दिवस चालवत आणलीय!’

‘आणली असंल. पर गाडीला बुद्धाचं काय करायचंय?’

याला उत्तर नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

खरं तर नाका म्हटलं की माझं डोकं आधीच फिरतं. २०२१ साली मावशी कर्नाटकात अथणीला आजारी होती. म्हैसाळ ओलांडून कागवाडच्या नाक्यावर गेलो, तर आरटीपीसीआरचा कागद नाही म्हणून परत पाठवलं. तोही देश आपलाच होता. पोलीस चांगल्या मराठीत ‘मागं फिरा’ म्हणाला. डबा होता हातात. तो मी गाडीत बसून खाल्ला, आणि मावशीला फोनवर सांगितलं की कामातून सुटी मिळाली नाही. असो.

खिडकी उघडली. ‘ब्लूबुक?’ मी आरसीचं कार्ड पुढं केलं. साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यांच्याकडं गाडीचं खरंच पुस्तक असतं. मग पावती आली. तारीख विक्रम संवतातली. मी पंधरा मिनिटांसाठी जीव जाळत होतो, इथं तर सत्तावन्न वर्षं पुढं गेलेली! तारखेखाली मालकाच्या रकान्यात हिचं नाव. चालकाच्या रकान्यात माझं. हिनं जागेवरच पावतीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

मामांनी पावती नीट वाचली आणि हिला हात जोडले. ‘मालकीणबाई, येताना चहाला या.’ मग माझ्याकडं वळले. ‘दिवस मोजून भरल्याती न्हवं? एक जरी वाढला तर दंड बसतोय. मालकास्नी भुर्दंड नगो.’