लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका

शरीरातलं लोह वाढवण्याबद्दलच्या एका लेखात वाचलं: 'बाजरीची भाकरी, मेथी खा, लोह वाढेल'. हे वाक्य अर्धवट आहे. त्यावर प्यायल्या जाणाऱ्या चहाचं काय? चहातली टॅनिनं (चहाला तुरटपणा देणारे घटक) धान्य-भाज्यांमधल्या लोहाला धरून ठेवतात, ते शरीरात बरंच कमी शोषलं जातं. बाजरीतलं फायटेट (धान्यात असणारा एक घटक) हेही तेच करतं. माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन 8 वर अडकलं होतं. लोहाची गोळी रोज न चुकता घ्यायची, पण सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर! डॉक्टरांनी गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लावली, चहा दोन तास पुढे ढकलला. तीन महिन्यांत 11 झालं.

आणि बाळंतिणीला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच देतात, तेही चुकतं. कॅल्शियम लोहाला अडवतं. एक सकाळी, एक रात्री द्या. हे लेखात यायलाच हवं होतं.