स्कॅनरवर छापलेला आकडा आणि फिल्ममधला तपशील : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या फोटोफिल्म स्कॅन करून संगणकावर घेण्यासाठी मी सुचवलेल्या स्कॅनरवर आपण आपली हरकत सविस्तर मांडलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे : ६४०० डीपीआयचा (एका इंचात तेवढे ठिपके टिपणारा) फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर मिळत असताना ३६०० डीपीआयचा, केवळ ३५ मिलिमीटर फिल्म घेणारा स्कॅनर सुचवणे म्हणजे वाचकांना विनाकारण खर्चात पाडणे आहे, धूळ पुढे संगणकावर पुसता येते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांनी धूळ काढण्याच्या सोयीला मी दिलेले महत्त्व अवाजवी आहे, आणि मॅक्रो लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याने हे काम कितीतरी लवकर होते, त्याचा विचार मी केलेला नाही.

पहिल्या मुद्द्यावर माझे मत कायम आहे. खोक्यावरचा आकडा सेन्सर एका इंचात किती नमुने घेतो एवढेच सांगतो. सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधी फिल्ममधून आलेला प्रकाश काच, आरसे आणि लेन्स यांतून जातो, आणि बारीक तपशील हरवतो तो याच वाटेवर. ६४०० डीपीआय खरोखर मिळत असते, तर दर मिलिमीटरला सुमारे १२६ रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेष मिळून एक जोडी) सुट्या दिसायला हव्या होत्या. बारीक रेषांची चाचणीपट्टी स्कॅन करून मोजले, तर चांगल्या फ्लॅटबेडचे प्रत्यक्ष रिझोल्यूशन २३०० डीपीआयच्या आसपास भरते आणि साध्या यंत्रांचे १५०० च्या आसपास. केवळ फिल्मसाठी बनवलेली यंत्रेही या बाबतीत निर्दोष नाहीत. ७२०० छापलेल्या यंत्रातून ३२०० च्या आसपास हाती येतात. तरीही ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीत १५०० आणि ३२०० यांतला फरक लहान नव्हे. गर्दीच्या छायाचित्रातल्या मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येतात की नाही, हे त्यावर ठरते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. आपल्याच यंत्रावर एक अत्यंत स्पष्ट निगेटिव्ह ६४०० वर स्कॅन करा, ते चित्र २४०० वर लहान करा आणि पुन्हा ६४०० एवढे मोठे करून मूळ स्कॅनशेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसला नाही, तर मधले सगळे पिक्सेल रिकामे आहेत असे समजावे. या रिकामेपणाचा भार मात्र खरा असतो : ६४०० वर ३५ मिलिमीटरची एक चौकट म्हणजे साडेपाच कोटी पिक्सेल, आणि ४८ बिटची (दर पिक्सेलच्या रंगाची तेवढी माहिती ठेवणारी) टिफ फाइल जवळपास ३३० मेगाबाइटची.

ही चाचणी करण्यापूर्वी होल्डरची, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या साच्याची, उंची मात्र तपासून घ्यावी. बहुतेक फ्लॅटबेडचा फोकस स्थिर असतो, आणि फिल्म त्या उंचीपेक्षा थोडी वर किंवा खाली असली, अथवा मधोमध वळलेली असली, तरी यंत्र आहे त्याहून वाईट भासते.

फ्लॅटबेड टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. आपल्या संग्रहात १२० फिल्मच्या (३५ मिलिमीटरहून रुंद फिल्मच्या) निगेटिव्ह बऱ्याच आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांच्यासाठी आपली निवड योग्यच आहे. तिची सहा बाय सहा सेंटिमीटरची म्हटली जाणारी चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते, आणि प्रत्यक्षातले २३०० डीपीआय धरले तरी एका बाजूला पाच हजारांहून अधिक पिक्सेल मिळतात. मी सुचवलेल्या यंत्रात ती फिल्म जातच नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर आपल्याशी माझा खरा मतभेद आहे. इन्फ्रारेडने धूळ काढणे आणि संगणकावर धूळ पुसणे ही एकाच कामाची दोन नावे नाहीत. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्ये इन्फ्रारेड किरणांना जवळपास अडवत नाहीत. धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात किंवा विखुरतात. त्यामुळे यंत्राला चित्रापासून वेगळा असा धुळीचा नकाशा मिळतो आणि तेवढ्याच जागा आजूबाजूच्या रंगांनी भरता येतात. नुसते सॉफ्टवेअर केवळ चित्र पाहते. निगेटिव्हवरची धूळ अंतिम चित्रात पांढरी उमटते. तो पांढरा ठिपका धूळ आहे की डोळ्यातली चमक, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन सॉफ्टवेअरपाशी नसते. मग एकतर चमक पुसली जाते किंवा प्रत्येक ठिपका हाताने काढावा लागतो. दहा चित्रांसाठी हे ठीक आहे. हजार चित्रांच्या संग्रहाचे काम मात्र याच टप्प्यावर थांबते, आणि रंगीत फिल्मचे रंग अंधारात ठेवले तरी हळूहळू उतरतच असतात. म्हणूनच संग्रह रंगीत असेल, तर मी रिझोल्यूशनच्याही आधी ही सोय पाहतो.

स्लाइडच्या, म्हणजे थेट खऱ्या रंगांत दिसणाऱ्या फिल्मच्या, बाबतीत घनताही (फिल्म किती प्रकाश अडवते ते) पाहावी लागते. घनता ३ म्हणजे हजारातला एक भाग प्रकाशच पार जातो, आणि स्लाइडच्या गडद सावल्या याहूनही दाट असतात. जाहिरातीतला घनतेचा आकडा अनेकदा बिटसंख्येवरून काढलेला असतो, म्हणून एखादी काळोखी स्लाइड स्कॅन करून सावलीतला गोंगाट (यंत्राने उमटवलेले खोटे ठिपके) डोळ्यांनी पाहणे अधिक विश्वासार्ह आहे. निगेटिव्ह तुलनेने विरळ असल्याने तिथे ही अडचण क्वचितच येते.

कॅमेऱ्याबद्दल आपले म्हणणे मला पारंपरिक कृष्णधवल फिल्मपुरते पूर्ण मान्य आहे. त्या फिल्ममधले चांदीचे कण स्वतःच इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे ती सोय तिथे बंदच ठेवावी लागते आणि स्कॅनरचा मोठा फायदा उरत नाही. सेन्सर फिल्मला अचूक समांतर असेल, फिल्म सपाट असेल आणि मागचा प्रकाश सगळीकडे सारखा असेल, तर कॅमेरा सरस ठरतो. रंगीत निगेटिव्ह उलटवून आणि तिच्या नारिंगी छटेचा परिणाम काढून रंग जुळवणे हे वेगळे कौशल्य आहे. ते ज्याला आवडते त्याने जरूर करावे.

राहिल्या आपल्याकडच्या जुन्या स्लाइड. त्यांत १९३५ ते २००९ या काळात विकली गेलेली कोडाक्रोम फिल्म असू शकते. स्लाइडभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीवर नाव नसेल, तर स्लाइड तिरप्या प्रकाशात धरा. कोडाक्रोमच्या इमल्शनच्या (चित्र असलेल्या थराच्या) बाजूला चित्राचे उठाव दिसतात. तिचा निळसर-हिरवा थर इन्फ्रारेड काही प्रमाणात शोषतो, आणि यंत्र गडद कडांनाच धूळ समजून पुसते. अशा स्लाइड वेगळ्या काढून त्यांतली एक, सोय चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोनदा स्कॅन करा. कडा बिघडत असतील तर त्या सगळ्या स्लाइडवर फुंकणी आणि मऊ ब्रश वापरून इन्फ्रारेडशिवायच काम करावे.