खुलासा : सरदार सरोवर आणि जागतिक बँक

‘आदिवासींच्या आंदोलनामुळे जागतिक बँकेने कर्ज रद्द केले आणि धरण थांबले’ हा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आंदोलनाच्या दबावामुळे बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र मोर्स समितीने जून 1992 मध्ये बँकेला मागे हटण्याचा सल्ला दिला. तरीही बँकेने अटी घालून कर्ज चालूच ठेवले. मार्च 1993 मध्ये उरलेली रक्कम भारत सरकारनेच नाकारली. धरणाचे काम राज्याच्या पैशावर पुढे गेले.

खरा वाद पुनर्वसनाचा होता. वनजमीन कसणाऱ्या आदिवासींकडे सातबारा नव्हता, म्हणून ते ‘अतिक्रमक’ ठरले. समितीने नेमके यावरच बोट ठेवले. सप्टेंबर 1993 मध्ये बँकेने तक्रारींसाठी स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापले, त्यामागेही नर्मदेचा धडा होता. आंदोलन निष्फळ ठरले, असाही अर्थ काढू नका. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका.